रायपूरची न केलेली नोकरी

माझ्या भाचीला पाहायला मंडळी येणार होती, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी कामांची यादी केली. पोहे, कोथिंबिरीची सांबारवडी, चहा दोन तऱ्हेचा, कारण मुलाच्या वडिलांना साखर चालत नाही असा निरोप होता. शेजारून खुर्च्या. बैठकीतला पंखा करकरतो, त्याला तेल. नागपूरच्या बेसा भागात माझं स्वयंपाकघर आहे. नव्या सोसायट्यांतली लग्नं, बारशी, ऑफिसांचे डबे आम्ही करतो. धरमपेठेत ताईच्या फ्लॅटवर डझनभर माणसांची सरबराई करणं मला जड नव्हतं. सकाळपर्यंत प्रत्येक कामापुढे खूण झाली. पाहुण्यांनी माझ्याबद्दल विचारलं तर काय सांगायचं, हे मात्र आम्ही कोणी कोणाशी बोललो नव्हतो.

मुलगा आणि भाची एकाच कंपनीत कामाला. पसंती त्यांची त्यांनी आधीच करून टाकली होती. पाहण्याचा कार्यक्रम मोठ्यांच्या समाधानासाठी होता. मुलाचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, अजनीला राहणारे, गोल चेहऱ्याचे बोलके गृहस्थ. त्यांनी दोन सांबारवड्या खाल्ल्या, तिसरी उचलली आणि विचारलं, "हे कोणी केलं बाप्पा?"

"माझ्या भावानं," ताई म्हणाली. "त्याचं केटरिंग आहे, बेस्याले."

"म्हणजे पोरीचे मामा! आधीपासून हेच काम का?"

"नाही, आधी रायपूरले होता. कंपनीत."

हे वाक्य ताईच्या तोंडून इतक्या वर्षांत इतक्या वेळा निघालं होतं की ते म्हणताना तिला विचार करावा लागत नव्हता. गृहस्थांनी वडी ताटलीत परत ठेवली.

"रायपूरले? अरे, मी तिथं आठ-नऊ वर्षं काढले! कोणत्या बाजूले राहत होते तुम्ही?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होतो. माझ्याआधी ताईच बोलली. "स्टेशनजवळ."

"स्टेशनच्या कोणत्या अंगाले? गुढियारीकडं?"

"हो हो, तिकडंच."

"मग तर आमच्या क्वार्टरच्या मागंच! कंपनी कशाची होती?"

"लोखंडाची," ताई म्हणाली.

"सिमेंटची," भाऊजी म्हणाले. दोघं एकाच वेळी.

गृहस्थांनी दोघांकडे पाहिलं. "मोठी असली पाहिजे बाप्पा कंपनी. दोन्ही बनवत होती!"

सगळे हसले. तेही हसले, पण हसून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहत राहिले. मी म्हणालो, "चहा थंड होऊन राहिला, घ्या ना."

मी रायपूरला नोकरी केलेली नाही. ज्या वर्षांत मी तिथे होतो असं आमच्या घरात म्हणतात, त्या वर्षांत मी इथेच, नागपुरात, जेलमध्ये होतो.

आम्ही कोराडीच्या कॉलनीतले. बाबा वीज केंद्रात बॉयलरवर होते. कॉलनीतल्या आम्हा चार-पाच जणांचा अड्डा राखेच्या तळ्याच्या बांधावर असायचा. सुरुवात गांजाने झाली, मग खोकल्याचं औषध, मग पावडर. त्यात नवलाचं काही नाही. ज्यांनी ती वाट पाहिली आहे त्यांना ती ठाऊक आहे, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना वर्णन करून ती कळत नाही. घरात काय होतं एवढंच सांगतो. आई कपाटाची किल्ली रोज नव्या जागी लपवायची आणि मग ती जागा स्वतःच विसरायची. बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले, आणि आईशी बोलताना मोठ्याने बोलायला लागले, म्हणजे मला ऐकू जावं. ताई माझ्या वतीने कारणं सांगायची. त्याला ताप आहे. तो मित्राकडे अभ्यासाला गेला. तिला ती सवय तेव्हापासूनची.

पुढे आम्ही एका ठेकेदाराच्या गोदामातून तांब्याची तार चोरायला गेलो. चौकीदार जागा होता. त्याने माझा हात धरला, मी त्याला ढकललं आणि तो केबलसाठी खणलेल्या चरात पडला. त्याचं कमरेचं हाड मोडलं. बाकीचे पळाले. मीही पळालो, पण दुसऱ्या दिवशी दुपारी घरी झोपलेला सापडलो. चौकीदार आमच्या कॉलनीमागच्या वस्तीतच राहायचा. बाबांची आणि त्याची चहाची टपरी एक होती. पुढची सगळी वर्षं तो काठी टेकत त्या टपरीवर येत राहिला आणि बाबांनी टपरी बदलली नाही. बाबा मला जेलमध्ये भेटायला एकदाही आले नाहीत. आईकरवी एक निरोप पाठवला होता : त्याले म्हणावं, मी रोज त्या माणसाच्या पायाकडं पाहून ड्यूटीवर जातो.

आत गेल्यावर पहिले काही आठवडे शरीराने हिशेब चुकता केला. उलट्या, कळा, थंडी. मे महिन्याच्या नागपुरात थंडी. त्यातून उठलो तेव्हा मला भिसीत पाठवलं. जेलच्या स्वयंपाकघराला भिसी म्हणतात. तिथे शेकडो माणसांची पोळी-भाजी ठरल्या वेळी निघावी लागते. उशीर झाला तर ओरडायला कोणी लागत नाही, बॅरेकीतला गलकाच भिंतीपलीकडून येतो. आम्ही कोळशाच्या तुकड्याने भिंतीवर उद्याची कामं लिहायचो : आधी डाळ भिजव, मग कणीक, मग कांदा. त्याआधी माझ्या आयुष्यात उद्या नावाची गोष्ट नव्हती. फक्त पुढची पुडी कुठून येईल ते होतं. डाळ आज भिजवली तर उद्या शिजते, हे मी बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी शिकलो. आजही मी रात्री यादी केल्याशिवाय झोपत नाही. बायको म्हणते, "जेलमधून बाकी सगळं सोडून आला, भिंत तेवढी घेऊन आला." बरोबर आहे. भिंत कामाची होती.

रायपूर जन्माला आलं ते मुलाकातीच्या जाळीपाशी. ताईचं लग्न होऊन वर्षच झालं होतं. ती आईबरोबर आली होती, डोक्यावर पदर इतका पुढे ओढून की आधी मला ओळखू आली नाही.

"सासरी विचारतात, भाऊ दिसत नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं, रायपूरले नोकरी लागली."

"रायपूर काहून?"

"मुंबई-पुणं म्हटलं तर कोणी ना कोणी तिथं राहणारं निघतंच. रायपूरले आपल्याकडचं कोण जाते?"

मी मान हलवली. तिच्या सासरी तिची मान खाली जाऊ नये एवढंच मला तेव्हा कळत होतं. भाऊजींना तिने पुढे खरं सांगितलं; सासू-सासरे गेले ते मला रायपूरचाच समजून.

सुटून आल्यावर मी एका बैठकीला जायला लागलो. संध्याकाळी शाळेचा वर्ग रिकामा असायचा, त्यात आम्ही नशा सोडलेले लोक लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचो. तिथे मला एक गोष्ट उमगली. पावडर सुटली होती, पण तयार कहाण्या सुटल्या नव्हत्या. उशीर का झाला, डोळे लाल का, हात का थरथरतो, प्रत्येकाची कहाणी खिशात तयार. विचारायच्या आधीच तोंडातून बाहेर. ती सवय मोडायला पावडरीपेक्षा जास्त काळ लागला. मी ठरवलं, विचारलं तर खरं सांगायचं, आणि तसं वागत आलो. माझ्याकडे काम करणाऱ्यांना माहीत आहे, माझ्या जुन्या गिऱ्हाइकांना माहीत आहे. लग्नाआधी बायकोला मी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. ताईच्या रायपूरला मात्र मी हात लावला नाही. ती कहाणी तिची होती, तिच्या घरातली होती, आणि ती माझ्यासाठीच रचलेली होती.

पाहुणे गेल्यावर मी कपबशा विसळत होतो. भाची येऊन ओट्याला टेकली.

"मामा, तू रायपूरले कधी गेलाच नाही ना?"

"काहून वं?"

"आई सांगत होती तेव्हा तू ट्रेमधल्या कपाकडं पाहून राहिला होता. मले आजीनं सांगितलं आहे. मी नववीत होती तेव्हाच."

"आणि तू बोलली नाही?"

"तू पण कुठं बोलला?" मग तिने आवाज खाली आणला. "मी त्याले सांगितलेलं नाही. त्याच्या घरी कळलं तर काय होईन?"

तिला हे लग्न हवं होतं. ती हट्टी पोरगी. आधीची दोन स्थळं तिने चहा येण्याआधीच परतवली होती. या मुलाचं नाव निघालं की तिचा आवाज बदलायचा. मी नळ बंद केला आणि म्हणालो, "त्यांच्या घरी मी जाऊन सांगतो. साक्षगंधाच्या आधी."

बैठकीतून ताईने ते ऐकलं.

"काय सांगतो? कोणाले?"

"मुलाच्या बापाले. मी कुठं होतो ते."

"तुले याड लागलं का? पंचवीस वर्षं मी तोंड सांभाळलं, आणि आता पोरगी उजवायच्या वेळी तू तोंड उघडतो?"

"ताई, त्या माणसानं तिथं आठ-नऊ वर्षं काढली. एक फोन लावला की कळते."

"तुले काय, तू सांगून मोकळा होशीन. तुझ्या त्या बैठकीत टाळ्या वाजवतात ना, खरं बोलल्यावर? इथं कोण टाळ्या वाजवणार आहे? निस्तरायचं मले आहे. तुझं मन हलकं व्हावं म्हणून माझ्या पोरीचं मोडू का?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. सांगून टाकण्यातही एक नशा असते. बैठकीत मी अशी माणसं पाहिली आहेत, जी दर आठवड्याला तीच चूक नव्या रंगात सांगतात आणि घरच्यांना मात्र दोन वेळचं सुख देत नाहीत. मी स्वतःला विचारलं, हे मी कोणासाठी करतोय? माझं मन केव्हाच हलकं झालेलं होतं. रायपूरचं ओझं मी कधी उचललंच नव्हतं, ते ताईने उचललं होतं.

"मोडायचं असलं तर आता मोडू दे," मी म्हणालो. "मांडवात मोडलं तर तिनं काय करायचं? आणि हे मी नाही ठरवत, तू पण नको ठरवू. लग्न तिचं आहे."

आम्ही दोघांनी भाचीकडे पाहिलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"आधी मी त्याले सांगते," ती म्हणाली. "मग मामा त्याच्या बाबांले सांगीन. पण आई, तू मधात नको बोलू. तू बोलली की कंपनी बदलते."

ताईला हसू आलं आणि तिने ते पदरात दाबलं. परवानगी म्हणून तेवढं पुरे होतं.

मुलगा त्याच संध्याकाळी भाचीला म्हणाला, मला तुझ्याशी लग्न करायचं आहे, मामाशी नाही. पण घरी मामांनीच सांगावं. दोन दिवसांनी, डबे रवाना करून, मी अजनीला गेलो. गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी दोघंही घरी होते. मी चहा येऊ दिला नाही. चहा हातात असला की माणूस वेळ काढतो. क्रमाने सांगितलं : नशा, गोदाम, चौकीदार, जेल, सुटका, काम. रायपूरचं शेवटी सांगितलं.

ते ऐकताना त्यांचा बोलका चेहरा बंद होत गेला. रागावले, पण मला वाटलं होतं त्या ठिकाणी नाही.

"जेलचं नंतर पाहू," ते म्हणाले. "मी त्या दिवशी घरी येऊन हिले सांगितलं, माणूस आपल्या रायपूरचा निघाला. दोन जुन्या लोकांले फोन लावले. म्हटलं, गुढियारीकडं लोखंड आणि सिमेंट बनवणारी कंपनी कोणती? ते हसून राहिले माझ्यावर!"

"ते चुकलंच," मी म्हणालो.

त्यांच्या पत्नी पुढे सरकून बसल्या. त्यांनी विचारलं, "त्या चौकीदाराचं काय झालं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला फार थोड्यांनी विचारला आहे. मी सांगितलं की सुटल्यावर मी त्याच्या घरी गेलो होतो. तो दाराशी खाटेवर बसला होता. माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, तू मागितली, मी ऐकली, आता जा. माफ केलं असं तो कधी म्हणाला नाही. पुढे मी जमेल ते करत राहिलो, पण तो शब्द त्याच्याकडून आला नाही, आणि आता तो माणूस हयात नाही. माफ न करणं हा त्याचा हक्क होता.

"आणि आता तुम्ही? घेता काही?"

"तंबाखूसुद्धा नाही."

"लग्नात पोट्टे लोक पिऊन येतात. तवा काय करता?"

"वाढायला घेतो. हातात पळी असली की हातात दुसरं काही कोणी देत नाही."

त्या किंचित हसल्या. "विचार करून सांगतो," गृहस्थ म्हणाले, आणि मला दारापर्यंत सोडायला आले नाहीत.

पुढचा आठवडा लांबला. ताई फोनवर फक्त कामापुरतं बोलत होती. "हो", "नाही", "ठेवते". भाची ऑफिसला जाऊन येत होती. मी काम करत होतो, कारण मला दुसरं काही येत नाही. मग एका दुपारी ताई स्वतः बेस्याच्या स्वयंपाकघरात आली. मोठ्या कढईत कांदा परतत होता, धुराने तिचे डोळे भरले, किंवा ते आधीच भरलेले होते.

"हो म्हणाले," ती म्हणाली.

मी गॅस बारीक केला.

"पण एक गोष्ट आहे. त्यांचे मोठे भाऊ गावी असतात, काटोलकडं. घरात त्यांचा शब्द चालते. जुन्या विचाराचे आहेत. त्यांले चालणार नाही म्हणे, असा माणूस मामा म्हणून पोरीच्या मागं उभा राहिलेला. पत्रिकेत तुझं नाव राहीन. उभा आपल्या मोठ्या काकाचा मुलगा राहीन. तू..." ती थांबली. "तू कोठी सांभाळ."

लग्नघरात सामानाची खोली म्हणजे कोठी. तेल, तूप, साखर, सुका मेवा सगळं तिथे, आणि तिची किल्ली घरातल्या सगळ्यात भरवशाच्या माणसाकडे. ताईच्या स्वतःच्या लग्नात मी वीस-एकवीसचा होतो. नवरदेवाचा कान पिळायचा मान मला मिळाला, फेटा मिळाला, फोटोत पुढे उभं केलं. पण कोठीची किल्ली बाबांनी करदोट्याला बांधली होती. आंघोळीलाही ती त्यांच्याबरोबर गेली. आलेले सगळे पाहुणे ते पाहत होते आणि का ते त्यांना कळत होतं. आज गोष्ट उलटी होती. किल्ली माझ्या हातात द्यायला सगळे तयार, आणि मी दिसू नये अशीही सगळ्यांची इच्छा.

"कोठी सांभाळतो," मी म्हणालो. "आनंदानं. पण चुलतभावाले मामा म्हणून उभं करू नका."

"मग?"

"मग कोणी नको. लोक विचारतीन हा कोणता मामा, तू काहीतरी सांगशीन. पुन्हा पंचवीस वर्षं सांभाळत बसशीन. मी अक्षतांच्या वेळी कोठीले कुलूप लावून पाहुण्यांत बसीन. लपणार नाही आणि मागणारही नाही."

"मामाशिवाय पोरगी उभी करू?"

"तुझी पोरगी आहे. बिनाआधाराची पडत नाही ती."

ताईने माझ्या हातून झारा घेतला. कढईतला कांदा तिने स्वतःच हलवला, आणि जाताना सांगून गेली की मीठ कमी आहे. मीठ मी अजून घातलंच नव्हतं.

साक्षगंध झालं, अंगठ्या बदलल्या. लग्न वर्धा रोडवरच्या एका लॉनमध्ये होतं, सकाळच्या मुहूर्ताचं. मी पहाटेपासून कोठीत होतो. वडाभाताचे वडे, पाटोड्या, दोन गोड पदार्थ, सगळं वेळेवर निघत होतं. मुहूर्त जवळ आला तसं मी कुलूप लावलं, हात धुतले, शर्ट बदलला आणि तिसऱ्या रांगेत बायकोशेजारी येऊन बसलो. भाची अंतरपाटामागे उभी होती. तिच्या मागची जागा रिकामी.

गुरुजींनी माइकवरून सांगितलं, "मुलीच्या मामांनी मुलीच्या मागे यावं."

कोणी उठलं नाही. गुरुजींनी पुन्हा सांगितलं. मी मांडीवरच्या अक्षतांकडे पाहत होतो, मान वर केली तर ताई मंचावर चढत होती. शालू सावरत गेली, आणि लेकीच्या मागे उभी राहून तिने तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"ताई, आईनं तुळशीला पाणी घालायचं असतं," गुरुजी माइकवर हात ठेवत म्हणाले.

"सकाळीच घातलं. तुम्ही सुरू करा."

पहिल्या रांगेत मुलाचे मोठे काका बसले होते. पांढरी टोपी, उंच काटक अंग, आणि आयुष्यभर वावरात एका बांधावरून दुसऱ्या धुऱ्याला हाका मारून कमावलेला आवाज. तो आवाज मंगलाष्टकाच्या पहिल्या ओळीवरून पार झाला.

"मामा नाही का पोरीले?"

मुलाचे वडील त्यांच्याकडे वाकले. "आहेत, दादा. पण..."

"पण काय? आजारी आहे का?"

वडिलांनी कानाशी तोंड नेलं आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. दादा ऐकत होते, त्यांची भिवई वर चढत होती. मग ते सरळ झाले.

"जेलमधे? मग? सुटला ना? का अजून आत आहे?"

शे-दोनशे माणसांनी ते ऐकलं. माझ्या पुढच्या दोन्ही रांगा मागे वळल्या. पंचवीस वर्षं दाराआड जपलेली गोष्ट काटोलकडच्या एका म्हाताऱ्याने मांडवभर करून टाकली होती. मी ताईकडे पाहिलं. तिचे हात लेकीच्या खांद्यांवरून हलले नव्हते.

"सुटले, दादा," मुलाचे वडील म्हणाले. "खूप वर्षं झाले. पण म्हटलं, तुम्हाले चालणार नाही..."

"मले काय चालत नाही? मले कोणी विचारलं? अरे, माझ्या नावानं तू काय काय सांगत राहते बे लोकांले?" आणि मग मागच्या रांगांकडे तोंड करून, "कोण आहे गा तो मामा? उठ! मुहूर्त काय तुझ्यासाठी थांबते का?"

बसून राहणं उठण्यापेक्षा कठीण झालं होतं. मी उठलो. खुर्च्यांमधली वाट अरुंद होती. कोणी पाय आखडून घेतले, कोणी रस्ता देताना माझ्या पाठीवर हात ठेवला, कोणी नुसतं पाहिलं. सगळ्यांचे चेहरे मी पाहिले. त्यात तिरस्कार होता तसं कुतूहलही होतं, आणि बऱ्याच चेहऱ्यांवर भूक होती, कारण मुहूर्त लांबत होता.

मंचाच्या पायरीशी मी थबकलो. ताई खाली पाहून म्हणाली, "ये ना आता. काहून उभा आहे तिथं?"

"तू सरकशीन का?"

"मी नाही सरकत. तू इकडून उभा राह्य."

तिने एक खांदा सोडला, मी तो धरला. भाची मागे न वळता म्हणाली, "मामा, तुझ्या हाताले तळणाचा वास येऊन राहिला." अंतरपाट थरथरला, पलीकडून मुलगा हसत होता. गुरुजींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

जेवणं सुरू झाल्यावर मी कोठी उघडली. काही नातलग माझ्याशी बोलले, काही वळून दुसऱ्या टेबलाकडे गेले. ताईभोवती तिच्या सासरच्या दोन बायका उभ्या होत्या आणि त्यांना विचारायचं ते त्या विचारत होत्या. ती उत्तरं देत होती, कंपनी न बदलता. गर्दी ओसरत आली तेव्हा मुलाचे वडील रिकामी ताटली घेऊन कोठीच्या दाराशी आले. आत येईनात, जाईनात.

"दादांले खरंच विचारायले पाहिजे होतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, त्यांच्या नावानं सांगितलं म्हणजे मले तोंडावर नाही म्हणावं लागणार नाही. मलेच जरा..."

त्यांना वाक्य पुरं करता येत नव्हतं. ती अडचण मी पुष्कळ जवळून पाहिलेली आहे. त्यांच्या हातातली ताटली घेतली, वडाभात वाढला, वरून फोडणीचं तेल घातलं आणि पोत्याजवळचं स्टूल त्यांच्यापुढे सरकवलं.

"बसा," मी म्हणालो. "आधी जेवून घ्या. आणि मग मले सांगा, गुढियारीकडं खरंच कशाची कंपनी होती?"